सोनं उतरेपर्यंत

सोलापुरातल्या भवानी पेठेतले आमचे घरमालक आपले माग वर्षातून दोनच कारणांसाठी आपणहून बंद ठेवायचे. एक, गल्लीत कुणी वारलं तर. दुसरं, दिल्लीत बजेट असलं तर. वारलेल्या माणसाला अर्धा दिवस मिळायचा, बजेटला पूर्ण. कामगारांची मजुरी विणलेल्या टॉवेलांवर ठरायची, त्यामुळं देशाच्या बजेटची पहिली झळ त्या घरात बजेट सुरू होण्याच्या आधीच लागलेली असायची. हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं.

"मग काय करायचं सर? माग चालू असला तर ऐकू येत न्हाय की," ते म्हणाले.

ते मात्र खरं होतं. खाली चार माग, मागच्या बाजूला त्यांचं राहतं घर आणि वर आम्ही दोघं नवरा-बायको. त्या खडखडाटात आम्हाला ओरडून बोलायची इतकी सवय लागली की मोहोळला गावी गेलो तरी आवाज खाली यायचा नाही. आई मला बाजूला घेऊन विचारायची, "तुमचं दोघांचं काय बिनसलंय का रं?"

ही खोली मला मिळाली तीसुद्धा बजेटमुळेच. मी ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवतो. खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, घरात माणसं किती तेही विचारलं नाही. बनियनवर, खांद्यावर स्वतःच्याच मागावरचा टॉवेल टाकून उभे होते. "कॉमर्स म्हंजे बजेट कळत असंल की तुमाला?" मी म्हणालो, थोडंफार. "मग सामान आणा." त्या 'थोडंफार'चा मला पुढं फार पश्चात्ताप झाला.

बजेटच्या दिवशी मला कॉलेजात रजा टाकावी लागायची. टीव्हीसमोर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, एकीत मी, एकीत मालक. मागं जमिनीवर कामगार आणि टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या बायका. दर वाक्याला मालकांचं कोपर माझ्या बरगडीत.

"काय म्हनलं सरकार?"

"बंदरांसाठी तरतूद केलीय."

"म्हंजे आपल्याला काय?"

"काही नाही."

"आन् आता?"

"संशोधनाला प्रोत्साहन."

"आपल्याला?"

"काही नाही, मालक."

असं तासभर चाललं की ते माझ्याकडं संशयानं बघायला लागायचे. एवढं मोठं सरकार एवढा वेळ बोलतंय आणि त्यात आपल्याला काहीच नाही, हे त्यांना पटायचंच नाही. मीच मधलं काहीतरी गाळतोय अशी त्यांची खात्री व्हायची. मग मी वैतागून "मोबाइलच्या सुट्या भागांवरची ड्यूटी कमी केली" असलं काहीतरी त्यांच्या पदरात टाकायचो. ते वळून कामगारांना सांगायचे, "बघा, मोबाइल घ्यायचा न्हाय एवढ्यात. थांबा. कळू द्या."

'थांबा, कळू द्या' हे त्यांचं वाक्य. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यांचा कूलर बिघडला तेव्हा नवीन घेतला नाही, कारण कूलरवरचा कर कमी होणार असं कुणीतरी चहाच्या टपरीवर बोललं होतं. त्यांच्या बायकोला सगळे अम्मा म्हणत. अम्मा सबंध वैशाख ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपल्या. "टॉवेलचा कारखाना हाय म्हणून वाचले," असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. कर काही त्या उन्हाळ्यात कमी झाला नाही. पुढं कधीतरी झाला, तोवर थंडी पडायला लागली होती. मग मालक म्हणाले, थंडीत कूलर कशाला.

दिल्लीतून निघालेला प्रत्येक निर्णय आपल्याच पत्त्यावर निघालाय असं ते धरून चालायचे, हे मी एक वेळ सोसलं असतं. पण ते आमच्याही पत्त्यावर आणून पोचवायचे. पिशवीतल्या तांदळावर कर बसला त्या वर्षीची गोष्ट. पंचवीस किलोच्या वरच्या पोत्याला तो कर नव्हता. हे कळलं त्या संध्याकाळी आमच्या दारात सव्वीस किलोचं पोतं येऊन पडलं.

"वैनी, एक किलो जास्त घेतलं की टॅक्स माफ!" आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

बायको म्हणाली, "अहो मालक, आम्ही ज्वारीच्या भाकरीची माणसं. आठवड्यातून एकदा भात होतो आमच्याकडं."

"मग रोज करा की."

आम्ही रोज केला. पोत्यात किडे झाले तेव्हाही अर्धं पोतं शिल्लक होतं. बायको गच्चीवर तांदूळ पसरून बसली की खालून आवाज यायचा, "वैनी, किडं काढून टाका, टॅक्स तर वाचला की!"

बाहेरून येणाऱ्या तेलावरची ड्यूटी वाढली तेव्हा त्यांनी इमारतीत तळण बंद केलं. आमच्याही. त्या आठवड्यात माझा वाढदिवस होता आणि बायकोनं कांदाभजी काढायला घेतली होती. वासावर मालक जिना चढून दारात. "वैनी, हे तेल परदेशातनं येतंय." बायकोनं भज्यांची ताटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी दारातच उभं राहून सगळी संपवली, हात पुसले आणि म्हणाले, "आता हे शेवटचं." माझ्या वाट्याला दोन आली.

कांद्याचं तर बोलायलाच नको. निर्यात बंद झाली आणि मार्केट यार्डात कांदा मातीमोल झाला, तेव्हा यांनी पोती आणून जिन्यात रचली. निर्यात उघडली की बघा, म्हणाले. आम्ही महिनाभर कडेकडेनं, पोट आत ओढून वर चढत होतो. निर्यात उघडली तेव्हा जिन्यात कांद्याला हातभर पात आली होती आणि वास असा की पोस्टमन पत्रं खालूनच हाक मारून द्यायचा.

हा माणूस कंजूष होता असं मात्र मी म्हणणार नाही. कामगाराच्या घरी दुखणं आलं की स्वतः रिक्षा करून दवाखान्यात न्यायचे. मग हे असं का, ते मला एकदा अम्मांनी सांगितलं. पूर्वी खाली आठ माग होते. एका वर्षी सुताचा भाव चढत चालला, सगळे म्हणाले आणखी चढणार, म्हणून यांनी घाईनं सुताचा मोठा साठा भरला. नंतर आठवडाही गेला नाही तोच सरकारनं बाहेरच्या कापसावरची ड्यूटी उठवली आणि सूत धाडकन उतरलं. आठाचे चार माग त्यात झाले. "तवापासनं असं हाय, सर. कायबी घ्यायचं म्हटलं की उद्या उतरंल ह्या भ्यानं ह्यांचा हातच उचलत न्हाय," अम्मा म्हणाल्या. हे ऐकल्यावर मला त्यांची कीव आली. ती पुढच्या तांदळाच्या पोत्यापर्यंत टिकली.

पण भाग्याच्या लग्नात त्यांनी जे केलं त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

भाग्या त्यांची एकुलती एक मुलगी. शहाणी, कमी बोलणारी, बापाला पुरून उरणारी. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन, घर चांगलं, मुलीला पसंत. आपल्या मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. मालकांच्या तेलुगू विणकर समाजात त्याऐवजी सोन्याच्या दोन गोल चकत्या असतात, त्यांना पुस्तेलु म्हणतात. त्याही अशाच, एक सासरहून, एक माहेराहून. सासरच्यांनी आपली चकती साखरपुड्याच्या आधीच घडवून ठेवली. मालक म्हणाले, "सोन्यावरची ड्यूटी उतरणार हाय. बजेट होऊ द्या."

हिवाळ्यात बजेट आलं. माझ्या बरगड्या दुखल्या, सोन्याचं काही निघालं नाही. निवडणुकीचं वर्ष होतं, म्हणून ते बजेट तात्पुरतं होतं, खरं पावसाळ्यात येणार होतं. हे मीच त्यांना सांगितलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली, कारण संध्याकाळी त्यांनी व्याह्यांना फोन केला, "हे खरं बजेट न्हवं म्हणत्यात सर. लग्न श्रावणात धरू." आमच्यात श्रावणात लग्नं होत नाहीत, त्यांच्यात होतात, म्हणून निभावलं. व्याही भला माणूस. तो "बरं" म्हणाला, पण त्याच्या बायकोनं फोन घेऊन अम्मांना विचारलं, "मुलीच्या मनात दुसरं काय न्हाय न्हवं?" अम्मा दिवसभर डोळे पुसत होत्या.

आणि काय सांगू, पावसाळ्यात सोन्यावरची ड्यूटी खरंच उतरली! टीव्हीवर वाक्य पुरं व्हायच्या आत मालक खुर्चीवर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा 'आपल्याला काय?' याचं उत्तर आलं होतं. त्यांनी मला मिठी मारली, जणू मीच दिल्लीला जाऊन ते करून आणलं होतं. गल्लीत पेढे वाटले. दुपारपर्यंत सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. अम्मा चपला घालून तयार होत्या. मी म्हणालो, "चला मालक, रिक्षा आणतो."

ते बसून राहिले.

"सर, आत्ता तर पडायला लागलंय. अजून पडू द्या की."

"मालक, जेवढं पडायचं तेवढं पडलं."

"तुमाला काय म्हाईत? थांबा. कळू द्या."

मी हात जोडले, अम्मांनी कपाळावर हात मारून घेतला, बायको वरून उतरून आली आणि चार शब्द बोलली. भाग्या तेवढी दारात उभी राहून बापाकडं बघत होती. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत सोनं जे वर निघालं ते निघालंच. मालक रोज म्हणायचे, आता परत पहिल्या जागी येऊ दे, मग लगेच घेतो. लग्नाच्या आदल्या दिवशीही तेच म्हणत होते.

लग्नात मंगळसूत्राची वेळ आली. भटजींनी ताट पुढं ओढलं. सासरची चकती पिवळ्या दोऱ्यात ओवलेली होती. "दुसरी?" भटजींनी विचारलं. मालक मान खाली घालून पुटपुटले, "पुढच्या महिन्यात देतो." एवढी माणसं, एवढं जेवण, आहेराला स्वतः विणलेले नवे टॉवेल, आणि पोरीच्या गळ्यात घालायची ती एक चकती तेवढी नाही! अम्मांचा हात आपल्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं गेला. नवरा जिवंत असताना बाई ते काढत नाही. शेजारच्या बायकांनी त्यांचा हात पकडला आणि अम्मा तिथंच खाली बसल्या.

तेव्हा भाग्यानं पूजेच्या ताटातून एक हळकुंड उचललं आणि भटजींच्या हातात दिलं. "ह्ये बांधा," म्हणाली.

भटजींनी सासरच्या चकतीशेजारी हळकुंड बांधलं. गरिबाच्या लग्नात सगळंच हळकुंडावर भागवतात, ते शास्त्राला चालतं. पण एक सोन्याची चकती आणि तिच्या शेजारी हळकुंड असं मी तरी कधी बघितलं नव्हतं. मंडपातल्या प्रत्येक बाईची नजर तिथंच जात होती. मालकांनी माझ्या कानाला लागून विचारलं, "चालतंय न्हवं सर हे?" देवाशपथ सांगतो, त्या क्षणी त्यांना चारचौघांत दोन ठेवून द्याव्यात असं मला वाटलं.

सासरी जाताना भाग्या बापाच्या पाया पडली आणि म्हणाली, "नायना, सोनं उतरलं की द्या. तवर मी हेच घालते." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सरळ आवाजात म्हणाली.

आणि तिनं खरंच तेच घातलं. हळकुंड वाळायचं, मोडायचं, की ती नवं ओवायची. तिच्या सगळ्या पोलक्यांना गळ्यापाशी पिवळे डाग. सासूनं दुसरी चकती आपणच घडवतो म्हणून सांगितलं. भाग्या म्हणाली, "ती माहेरची हाय. माहेराहूनच येऊ दे." त्या घरात कुठलंही हळदीकुंकू असलं की नवी आलेली बाई विचारायची, हे काय गं असं? आणि भाग्याला सांगावं लागायचं. माझी बायको मालकांशी बोलायची बंद झाली. भाडंसुद्धा ती माझ्या हातून पाठवायची.

मालक मात्र दर महिन्याला मला जिन्यात गाठायचे. "सर, कसं वाटतंय? उतरंल का?" एकदा मी ओरडलोच. म्हटलं, "मालक, सोनं उतरायचं ते उतरेल नाहीतर चढेल, तुमच्या पोरीच्या गळ्यात हळकुंड आहे! घेऊन टाका एकदाचं!" ते शांतपणे म्हणाले, "तुमी शिकलेले लोक. तुमी तर घाई करू नये." मी वर जाऊन दार आपटलं.

मग अमेरिकेनं आपल्या मालावर ड्यूटी लावली.

मालकांचे टॉवेल एमआयडीसीतल्या एका व्यापाऱ्यामार्फत अमेरिकेतल्या कुठल्याशा हॉटेलांत जायचे. प्रत्येक टॉवेलाच्या पट्टीत हॉटेलाचं नाव विणलेलं. व्यापाऱ्यानं निरोप धाडला, माल पाठवू नका, पुढचं कळवतो. नाव विणलेला माल दुसऱ्या कुणाला विकणार? कांद्याच्या जागी आता जिन्यात टॉवेलांचे गठ्ठे. कामगारांनी नेले, शेजाऱ्यांनी नेले. गल्लीतल्या दोऱ्यांवर सगळीकडं त्याच हॉटेलाचं नाव वाळत पडलेलं. मालक म्हणाले, अमेरिका फार दिवस ठेवणार नाही, थांबा. मी म्हणालो, "मालक, अमेरिकेला भवानी पेठ माहीत नाही." ते म्हणाले, "टॉवेल तर म्हाईत हाय की."

आधी शिलाईच्या बायका यायच्या बंद झाल्या. मग दोन माग थांबले, उरलेल्या दोनांवर इथल्या बाजाराचे साधे टॉवेल निघत राहिले. दसरा गेला, व्यापाऱ्याचा निरोप नाही. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस ते थांबलेले दोन माग न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागला. माग अख्खा दारातून निघत नाही. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा घणानं फोडावा लागतो. सकाळभर ते घाव वर आमच्या फरशीत लागत होते. अम्मा आमच्या स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायकोनं त्यांना चहा दिला, तो तसाच थंड झाला. मालक खाली टेम्पोपाशी उभे होते. एकदाही घरात आले नाहीत. टेम्पो गेल्यावर त्या मागांवरच्या कामगारांची राहिलेली सगळी मजुरी देऊन टाकली, आणि मग दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मलाही जिन्यात गाठलं नाही. मला तेच जास्त लागलं.

पाडव्याला भाग्या आणि जावई आले होते. मी आणि बायको फराळाला खाली गेलो होतो, बायको अम्मांसाठी म्हणून. मालक सकाळपासून घरात नव्हते. आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, घामाघूम. खिशातून सराफाची गुलाबी कागदाची पुडी काढली आणि भाग्यापुढं धरली.

भाग्यानं पुडी उघडली. चकती होती. सासरची होती तेवढीच, तशीच.

"नायना, आज?" ती म्हणाली. "अवो, आजपर्यंत एवढं कधी चढलं नव्हतं सोनं. आज कशाला घेतलं?"

"आसू दे की."

"कितीला दिलं?"

"इचारलं न्हाय मी. तेनं मागितले ते दिले."

अम्मांनी सुईदोरा आणला. भाग्यानं गळ्यातलं काढलं नाही. अम्मांनीच तिच्या गळ्याशी वाकून हळकुंड सोडवलं आणि त्या जागी चकती ओवली. दोरा एका दमात ओवला गेला. भाग्यानं चकती मुठीत धरली आणि मग इतके महिने न रडलेली ती पोरगी बापाच्या शर्टात तोंड घालून रडली. मालक तिच्या डोक्यावर थोपटत तसेच उभे राहिले. बायकोनं उठून त्यांना पाण्याचा तांब्या दिला. "बसा मालक," म्हणाली. वर्षाहून जास्त दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती.

आम्ही निघालो तेव्हा ते जिन्यापर्यंत आले.

"सर," ते म्हणाले, "आता उतरलं तरी मला सांगू नका."

पेपर आमच्या दोन घरांत मिळून एक यायचा. आधी मी वाचायचो, मग खाली द्यायचो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पेपर उघडला, पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत: सोनं घसरलं. थोडंथोडकं नाही, चांगलं घसरलं होतं. मी पेपराची घडी करून गादीखाली सारली.

नऊच्या सुमाराला खालून नेहमीसारखी हाक आली. "सर, पेपर आला का?"

मी कठड्यावरून वाकून म्हणालो, "आज दिवाळीची सुट्टी आहे मालक, पेपर नाही."

दिवाळीची सुट्टी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. आदल्या दिवशी पेपर आला नव्हता, हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. ते वर माझ्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळल्याचं दिसत होतं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि उरलेले दोन माग चालू करायला आत गेले.